वळचण

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आष्ट्याच्या घरावर टिटवीनं चार अंडी घातली. गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपलीकडं, गळती काढायच्या कामातून उरलेली खडी पसरून पडली होती. तिथं, उघड्यावर, काडीचा आडोसा नसताना. काकी सांडगे घालायला वर गेली आणि दोन मिनिटांत परात तशीच घेऊन खाली आली. टिटवीनं तिच्या डोक्यावरून दोन झेपा टाकल्या होत्या.

“स्लॅबवर अंडी घातल्यात बाबा तिनं,” काकी म्हणाली. “औंदा पानी चढतंय बघ.”

हा हिशेब आमच्याकडं न शिकवता येतो. टिटवीनं ओढ्याच्या पात्रात, सखल जागी अंडी घातली तर पावसाळा कोरडा. बांधावर, उंचवट्यावर घातली तर दणकून पाऊस. अंडी चार दिसली तर चारही महिने पावसाचे. आष्टा कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, त्यामुळं पुराचं भाकीत इथं कोणी हसण्यावारी नेत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७.५ फुटांवर गेलं, तेव्हा नदीकाठचे पाहुणे आमच्या वरच्या खोलीत बिऱ्हाड थाटून होते. काकीचं गणित सरळ होतं. बांधापेक्षा स्लॅब उंच, म्हणजे पूरही तेवढाच मोठा.

मी वाद घातला नाही. पण पुढचे चार आठवडे सकाळ-संध्याकाळ टाकीच्या आडून त्या टिटवीकडं बघत राहिलो आणि हळूहळू मला गच्ची तिच्या डोळ्यांनी दिसायला लागली. ती गच्ची नव्हतीच. तो माळ होता. सपाट, खडीचा, उन्हानं तापलेला, चारी दिशांना लांबवर नजर जाईल असा आणि कुत्र्या-मुंगसाची ये-जा नसलेला. टाकी भरून वाहिली की खाली डबकं साचायचं. टिटवी त्यात पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसायची. माळावर ती ओढ्याचं पाणी आणून हेच करते. इथं ओढ्याच्या जागी पाऊण इंची पाइप आला होता, एवढाच फरक. टिटवी सपाट छतांवर अंडी घालते हे देशात इतरत्रही नोंदवलं गेलं आहे. आमची काही जगावेगळी नव्हती.

पाखरं शहराशी जुळवून घेतात, असं आपण म्हणतो. त्या म्हणण्यात कौतुक असतं आणि थोडी स्वतःची सुटकाही. तीच जुळवून घेतात म्हटल्यावर आपल्याला काही करायला नको. टिटवीनं मला या वाक्याबद्दल शंका घ्यायला लावली. पाखरू शहरात येऊन नवं शिकतं ते थोडंच. बहुतेक वेळा ते शहरात आपली जुनी जागा हुडकून काढतं. कुणाला भिंतीत कडा दिसतो, कुणाला पाइपात झाडाची ढोली दिसते, कुणाला ट्रॅक्टरमध्ये म्हैस दिसते. ज्याला अशी जागा दिसते ते राहतं. ज्याला दिसत नाही ते जातं, आणि गेलेल्याची आठवण ठेवायला कोणी बसलेलं नसतं.

हे बघायला आष्ट्यासारखं गाव बरं. नगरपालिका आहे म्हणून कागदावर शहर. लोकवस्ती पस्तीस-चाळीस हजार. सांगली-इस्लामपूर रस्त्यावर उतरलं की दुतर्फा दुकानं, शटरं, फ्लेक्स, मोबाइलचे टॉवर. पण मागच्या गल्लीत शिरलं की एखादा जुना वाडा अजून कौलं सांभाळून उभा असतो, त्याला खेटून काचेच्या खिडक्यांचा बंगला, आणि बंगल्याच्या कंपाउंडला लागून ऊस. मुंबई-पुण्यात जे कधीच होऊन गेलं, ते इथं अर्ध्यावर आहे. कोणतं पाखरू कोणत्या घरातून कोणत्या घरात गेलं, हे अजून बोट दाखवून सांगता येतं.

सुरुवात अर्थात चिमणीपासून करायला हवी. आमच्याकडं चिमण्या तीन. एक कारखान्याची, दुसरी रॉकेलची आणि तिसरी दाणे टिपणारी. पहिली हंगामात अजून धूर सोडते. दुसरी माळ्यावर गंजून पडली आहे. तिसरीचं काय झालं, हा प्रश्न महाराष्ट्रात पंधरा-वीस वर्षं विचारला जातो आहे.

जुन्या घरात चिमण्या आमच्याबरोबर राहायच्या हे म्हणणं अपुरं आहे. घर त्यांच्या सोयीनं बांधल्यासारखं होतं. वाशांची टोकं भिंतीबाहेर यायची, त्यावर कौलांची वळचण. भिंतीत दिवळ्या. सोप्यात पणजोबांची तसबीर भिंतीपासून वर चार बोटं पुढं झुकलेली, तिच्यामागं दर साली एक घरटं. जेवताना ताटात काडी पडली तर ती बाजूला काढून जेवायचं, वर बघायचं नाही. परड्यात जनावरं, जनावरांपुढं कडबा, कडब्यात किडे. पिलांना सुरुवातीचे दिवस दाणा चालत नाही, किडे-अळ्याच लागतात, आणि त्या पंधरा पावलांवर मिळायच्या. पाखडताना सुपाबाहेर पडलेली कणी मोठ्यांसाठी.

ही सोयरीक किती जुनी आहे याचा एक धागा २०१८ साली ओस्लोच्या संशोधकांनी चिमणीच्या जनुकांत शोधला. माणसाजवळ राहणारी चिमणी आणि मध्य आशियात माणसापासून लांब राहणारी तिची चुलतबहीण यांची त्यांनी तुलना केली. दोघींची वाट साधारण अकरा हजार वर्षांपूर्वी वेगळी झालेली दिसली, म्हणजे माणूस शेती करायला लागला त्या सुमाराला. घरच्या चिमणीत कवटीच्या घडणीशी आणि पिष्ट पदार्थ पचवण्याशी संबंधित जनुकांत बदल आढळले. पिष्ट पचवण्याचा असाच बदल कुत्र्यातही झालेला आहे. जोंधळ्याच्या राशीभोवती दोघांनी एकाच वेळी फेर धरला म्हणायचा. तेव्हा चिमणी शहरात ‘आलेली’ नाही. ती पहिल्या गोठ्यापासून, पहिल्या कणगीपासून घरातली आहे.

आणि आम्ही तिला घराबाहेर काढलं. हे मी दुसऱ्या कुणाला म्हणत नाही. जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायचा आग्रह माझा होता. गळणारी कौलं, उंदीर, दर उन्हाळ्यात शाकारणी, कोण निस्तरणार? गुळगुळीत गिलावा झाला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या, भिंतीत बोट जाईल एवढी फट उरली नाही. त्या मार्चमध्ये एक जोडी रोज सकाळी यायची. मादी चोचीत काडी धरून कोऱ्या भिंतीसमोर हवेत फडफडत राहायची. अगदी नेमक्या जागी, जिथं पूर्वी वाशाचं टोक बाहेर यायचं. दमली की वायरीवर बसायची आणि परत यायची. हे चार-पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी ती आली नाही. रंगाऱ्यानं त्याच दिवशी दुसरा हात मारला.

पुढं लोकांनी पुठ्ठ्याची, लाकडाची घरटी टांगायला सुरुवात केली. त्यामागं नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचं मोठं काम आहे. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो तो त्यांच्याच संस्थेच्या पुढाकारानं. २०२० साली देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, त्यात चिमणी देशभर मिळून बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे, असं दिसलं. आष्ट्यात फिरलं की हे पटतं. चिमणी गेलेली नाही, तिनं पत्ता बदलला आहे. बाजारपेठेत शटर गुंडाळून वर जातं ती पेटी तिनं धरली आहे. दुकानाच्या पाटीमागची पोकळी, विजेच्या मीटरची मोडकी पेटी, पत्र्याच्या शेडचा कोन, या तिच्या नव्या वळचणी. किराणा दुकान खाली आणि घरटं वर, म्हणजे कणगी आणि आढं पुन्हा एकत्र आलं. फक्त ती आता घराची न राहता दुकानाची झाली. शटर दिवसातून दोनदा वरखाली होतं, त्याच्या खडखडाटात पिलं कशी वाढतात हे त्यांनाच ठाऊक.

पण एक गोष्ट तिला दुकानदारही देऊ शकत नाही. माती. चिमणीला धुळीत लोळून अंग घासावं लागतं, पिसांतले किडे काढायला. गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसले, अंगणात शहाबादी फरशी आली, आणि चिमूटभर कोरडी धूळ मिळणं अवघड झालं. कुंडीतल्या मातीत चिमण्या लोळून रोपं मोडतात म्हणून आमच्या शेजारी तक्रार चालते. रोपं मोडतात हे खरंच आहे.

शहरातल्या पाखरांकडं नीट बघणारं एक जुनं पुस्तक आहे, आणि त्याचा लेखक आमच्या शेजारच्या साताऱ्यात जन्मला, हे मला फार उशिरा कळलं. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १८५१, वडील स्कॉटिश मिशनरी, शिक्षण इथंच. काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवली, मग मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी. १८८३ साली मुंबईत निसर्ग अभ्यासकांची जी संस्था स्थापन झाली, आजची बीएनएचएस, तिच्या संस्थापकांत तो होता. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी तो लिहायचा आणि १९०० मध्ये त्यानं मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवर पुस्तक काढलं. त्याच्या काळचे बाकीचे साहेब वाघामागं धावत असताना हा गृहस्थ खिडकीबाहेरचा कावळा न्याहाळत बसला, याचं मला कौतुक वाटतं. आज ते पुस्तक हातात घेतलं की एक गोष्ट टोचते. त्याच्या मुंबईत गिधाड हे ‘नेहमीचं’ पाखरू होतं. गिधाडांकडं परत येतो.

कावळ्याचं मात्र तेव्हापासून आजवर चांगलंच चाललं आहे. आमच्या शेतकऱ्यांनी कावळ्यालाही हवामान खात्यात नेमलेलं होतं. त्यानं घरटं बाभळीवर बांधलं तर पाऊस ओढ देणार, आंब्यावर किंवा करंजावर बांधलं तर साल चांगलं. आता मुख्य रस्त्यावरच्या मोबाइल टॉवरवर, तिसऱ्या टप्प्याच्या कोनात, दर साली एक घरटं असतं. टॉवरवर बांधलं तर काय पिकतं, हे कुठल्या पंचांगात दिलेलं नाही. रेंज चांगली येत असावी.

ते घरटं काड्यांचं म्हणावं तर अर्धं तारेचं आहे. सेंट्रिंगवाले बायंडिंग तारेचे तुकडे टाकून देतात, ते कावळ्याला काडीपेक्षा पसंत पडलेले दिसतात. तार मोडत नाही, कुजत नाही, पाहिजे तशी वाकते. विजेच्या खांबावर असलं घरटं झालं की शॉर्टसर्किट होतं आणि पावसाळ्याआधी वायरमनला ते उतरवावं लागतं. युरोपात कावळ्याच्याच गोत्रातल्या मॅगपाय या पाखरानं याच्याही पुढं मजल मारली. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात एका इस्पितळाच्या आवारात त्याचं घरटं सापडलं, ते सुमारे दीड हजार लोखंडी सुळ्यांचं होतं. पाखरांनी बसू नये म्हणून इमारतींवर जे सुळे लावतात, तेच उपटून आणलेले. घरट्यावर काट्यांचं छप्पर घालायची या पाखराची जुनी रीत. काटेरी झुडपाऐवजी त्याला हे मिळालं. २०२३ मध्ये हे जगापुढं आलं तेव्हा लोक हसले. मला त्यातही टिटवीची खडीच दिसली.

पितृपंधरवड्यात पुण्यातले माझे मित्र गॅलरीत पान ठेवून तासतासभर कावळ्याची वाट बघतात. आष्ट्यात पान ठेवून हात मागं घ्यायची खोटी. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववायची सोय शास्त्रानं ठेवलेली आहे. ती सोय काढणाऱ्याला पुढचे दिवस दिसले होते की काय कोण जाणे. कावळा जिथं राहतो तिथं कोकिळेचंही भागतं, कारण तिची अंडी त्याच्याच घरट्यात वाढतात. २०२३ च्या देशव्यापी अहवालात गेल्या दोन-तीन दशकांत कोकिळा सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलं आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीत रात्री अडीचला कोकीळ ओरडतो. लहानपणी तो पहाटे ओरडायचा. तेव्हा गल्लीत दिवा नव्हता, आता पांढरे एलईडी आहेत.

दिव्यांनी आणि आवाजानं पाखरांचं काय होतं यावर बाहेरच्या देशांत बरंच काम झालं आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली असं आढळलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट, म्हणजे आपल्या वल्गुलीचे भाऊबंद, गाण्याचा खालचा सूर वर चढवून गातात, कारण वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे रॉबिन रात्री गातात, त्याचं मोठं कारण दिव्यापेक्षा दिवसाचा गोंगाट असल्याचं २००७ मध्ये दिसलं. आष्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर रात्रंदिवस गाणी लावलेली असतात. आमचा दयाळ अशात पहाटे साडेतीनला, ट्रॉल्यांची रांग जरा थांबली की शिट्टी घालून घेतो. त्यानं पट्टी बदलली का हे मोजायला माझ्याकडं यंत्र नाही. वेळ बदलली आहे, हे झोप मोडलेला कोणीही सांगेल.

दिव्याखाली आणखीही गिऱ्हाईकं असतात. एसटी स्टँडसमोरच्या खांबावर कोतवाल अंधार पडल्यावरही किडे टिपत बसलेला असतो. दिवसभराची पाळी संपवून ओव्हरटाइम केल्यासारखा. पिंगळ्याची जोडी फ्लेक्सच्या चौकटीवर बसते. पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत फिरणारा पिंगळा गावात आता क्वचितच येतो, पाखरू पिंगळा मात्र रोज हजर. त्यालाही कंदीलच सापडला आहे, खांबावरचा.

पारव्यांवर मी फार शाई घालवणार नाही. किल्ल्यांच्या कड्याकपारीतलं हे पाखरू. त्याला प्रत्येक इमारत म्हणजे फुकटचा गड. दाणे टाकणारी माणसं मिळाली की त्याची फौज होते, आणि त्या फौजेचं काय करायचं यावरून २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यासमोर काय घडलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाकोळीही मूळची कड्याचीच, पण तिचा त्रास नाही. देवळाच्या सभामंडपाच्या छताला ती पिसं आणि गवत लाळेनं चिकटवते. तिच्या पायांना फांदीवर बसता येत नाही, नुसतं खडबडीत भिंतीला लटकता येतं. देवळाला ऑइलपेंट दिला की तिची गत आमच्या चिमणीसारखी.

बगळ्यांपाशी मात्र थांबायला हवं, कारण आमच्या वाळवा तालुक्याची गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा चांगली पाहिली आहे. गायबगळा म्हशीच्या पायाशी चालायचा, तिच्या खुरांनी उडालेले टोळ टिपायचा. बैल गेले, नांगर गेला. तो ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमागं चालायला लागला. उसाला तोड आली की कोयत्याच्या टोळीमागं तो असतो. पाचट पेटवलं की धुराच्या कडेला घारी, कोतवाल आणि बगळे जमतात, आगीपुढं पळणाऱ्या किड्यांसाठी. आणि संध्याकाळी हे सगळे बगळे रांगेनं गावात येतात. रानात झाडं असताना गावात का? पावसाळ्यात ते घरटीही गावातल्याच चिंचेवर, पिंपळावर करतात, अगदी वर्दळीच्या चौकात. खाली माणसं, गाड्या, दिवे असले की अंडी-पिलं पळवणारे शत्रू कमी येतात. रखवालदार म्हणून ते आपल्याला वापरतात. अशा वसाहतीला मारुती चितमपल्लींनी ‘सारंगागार’ असा देखणा शब्द दिला. झाडाखाली उभं राहिलं की शब्द देखणा आहे एवढंच समाधान. पांढरा सडा, माशांचा वास, वरून कधी एखादं पिलू. खाली गाडी लावणाऱ्यांनी फांद्या छाटायचा अर्ज द्यावा यात नवल नाही, आणि अर्ज मंजूर होतो तो बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच, घरटी भरलेली असताना.

उसानं आणखी एक गंमत केली आहे. बारा-पंधरा महिने उभं असलेलं हे पीक जनावराच्या आणि पाखराच्या दृष्टीनं जंगलच. वाळवा, शिराळा, कऱ्हाड या पट्ट्यात बिबट्याची मादी उसात विते, हे आता वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापतात. मोरही उसातून निघून बंगल्याच्या कंपाउंडवर येतो; देशभरात मोरांची संख्या दीडशे टक्क्यांहून जास्त वाढल्याचं २०२३ चाच अहवाल सांगतो. पण हे जंगल दर साली मुळापासून कापलं जातं, आणि तोड झालेल्या रात्री त्यातल्या प्रत्येकाला दुसरं जंगल शोधायला निघावं लागतं.

आता ज्यांना काहीच सापडलं नाही त्यांच्याबद्दल.

कृष्णेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचे पट्टे उघडे पडायचे. नदीसुरय नावाचं पाखरू, पिवळीधमक चोच, काळं डोकं, राखी पंख, त्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालायचं. टिटवीसारखंच उघड्यावर. लहानपणी मामाच्या गावी नदीवर पोहायला गेलो की ही पाखरं डोक्यावर येऊन किंचाळायची. वाळू उपसली गेली. उपसलेल्या वाळूतूनच आमचा स्लॅब पडला, हे मला नाकारता येत नाही. टिटवीला गच्चीत माळ दिसला, पण सुरयाला गच्चीत नदीचं बेट दिसणार नाही. त्याला चारी बाजूंनी वाहतं पाणी आणि पाण्यात मासे हवेत. शहरात वाळूचे ढीग हवे तेवढे आहेत, बेट एकही नाही. २०२० पासून हे पाखरू जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे.

आणि गिधाड. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकायची जागा असायची. सकाळी टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात जेमतेम एक उरली होती. माणसाच्या वस्तीशी गिधाडाइतकं जमवून घेतलेलं पाखरू दुसरं नसेल. एटकिनच्या मुंबईत ते मलबार टेकडीवर राहत होतं. एवढं करून एका इंजेक्शननं गेलं. ‘जुळवून घेतात’ या वाक्याला माझ्या मते हे सगळ्यात कडक उत्तर आहे.

असंच, पण लहान प्रमाणात, मेक्सिको शहरातलं. तिथल्या चिमण्या आणि फिंच घरट्यात सिगारेटची थोटकं वापरतात. थोटकांतल्या निकोटिनमुळं घरट्यातले परजीवी किडे कमी होतात असं २०१३ मध्ये दिसलं. केवढी अक्कल, असं सगळ्यांनी लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांना दिसलं की त्या थोटकांनी पिलांच्या रक्तपेशींतल्या जनुकांना इजाही होते. ही दुसरी बातमी कोणी फारशी छापली नाही.

आमच्या टिटवीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सत्ताविसाव्या दिवशी तीन पिलं निघाली, चौथं अंडं तसंच राहिलं. टिटवीची पिलं जन्मतःच चालतात. आई-बाप चोचीत घास भरवत नाहीत, त्यांना घेऊन चरायला निघतात. माळावर त्यासाठी फक्त चालायला लागायचं असतं. इथं चालून चालून तिन्ही पिलं कठड्याशी आली. माळाला कडा नसते. आई-बाप खालच्या रिकाम्या प्लॉटमध्ये उतरून ओरडत होते, पिलं पाणी जायच्या भोकातून डोकावत होती. काकी आणि मी वर गेलो तर नर डोक्यावर झेप घ्यायचा, म्हणून परातीचा टोप करून उभे राहिलो. एक पिलू गेलं भोकातून, कापसाचा बोळा पडावा तसं पडलं, शेजारच्या बांधकामाच्या वाळूवर. उठलं, पळालं. दुसरंही. तिसरं वाळूच्या बाहेर, फरशीवर पडलं. काकीनं ते पदरात उचललं, पण त्यात काही राहिलं नव्हतं.

“माळ समजून बसली बिचारी,” काकी म्हणाली. मी तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

पाऊस पडायचा तेवढा पडला. पोळ्याच्या सुमाराला दोन अर्धवट वाढलेल्या टिटव्या मागच्या प्लॉटमध्ये दिसल्या, त्या आमच्याच असं काकीचं म्हणणं. प्लॉटवर आता पाया खणला आहे.

त्या पायाची माती दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी उचलून आणली आणि आमच्या दारात किल्ला केला. बुरूज, तळं, भुयार, वर महाराज, पायथ्याला मावळे. उतारावर मोहरी पेरलेली. नरकचतुर्दशीला सकाळी फटाके थांबल्यावर पोरगी ओरडत आत आली, कुणीतरी किल्ला मोडतंय म्हणून. बाहेर जाऊन बघतो तर शटरच्या पेटीतल्या सात-आठ चिमण्या माचीवर उतरल्या होत्या. दोघींनी राजसदरेच्या कोरड्या मातीत खळगे केले होते आणि पंख फुलवून, डोळे मिटून त्यात लोळत होत्या. एक मावळा आडवा झाला होता. पोरं दगड शोधत होती, काकी उंबऱ्यातून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या रं. अभ्यंगस्नान चाललंय तेंचं.”